चौतीस मिनिटं, चौतीस वर्षं

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला कपाट आवरण्याचं एक व्यसन जडतं. चाळीस वर्षं लोकांची लॉकरं उघडून दिली, आता निदान स्वतःचं तरी नीट लावावं, असं त्यामागे काहीतरी असावं. गेल्या दिवाळीच्या आधी मी आमच्या गोदरेजच्या कपाटातला आतला कप्पा रिकामा करायला बसलो. मुदत ठेवींच्या जुन्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आईच्या पाटल्यांची रिकामी डबी आणि या सगळ्याच्या तळाशी एक कॅसेट. तिच्या चिठ्ठीवर लाल बॉलपेननं, पोरसवदा अक्षरात दोनच शब्द लिहिले होते. डेथ, ह्यूमन.

कॅसेट माझ्या मुलाची. २००३ साली आम्ही नाशिकला होतो. तो दहावीत होता. कुणा मित्राकडून भरून आणलेली ही कॅसेट तो दार लोटून ऐकत बसला होता. वेळ दिवेलागणीची. आत कुणाचं तरी भांडण जुंपलंय, वर कुणी पत्रे बडवतंय, असाच तो आवाज वाटला. मी आत गेलो, टेप बंद केला, चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि ऐन दहावीच्या वर्षात, भरल्या घरात, तिन्हीसांजेला मरणाच्या नावाची गाणी ऐकतोस, असं बरंच काही बोललो. कॅसेट काढून कपाटात कुलपात ठेवली. परीक्षा झाल्यावर देईन, असं सांगितलं होतं. परीक्षा झाली, चांगले गुणही मिळाले, पण त्यानं कधी मागितली नाही आणि मी दिली नाही. ग्राहकाची वस्तू ठेवून घेऊन विसरून जाणं ही बँकेत मोठी चूक समजतात. घरात तिला नाव नाही.

दिवाळीला मुलगा पुण्याहून आला तेव्हा मी ती कॅसेट त्याच्या पुढ्यात ठेवली. आता तो सदतिशीचा आहे, कानशिलावर रुपेरी केस आलेत. तो हसला. आमच्याकडे आता कॅसेट वाजवायला यंत्रच नाही. पण तेच सगळं त्याच्या फोनमध्ये होतं. त्यानं एकच अट घातली. मध्ये उठायचं नाही. पूर्ण ऐकायचं. जेमतेम चौतीस मिनिटांचं काम आहे, म्हणाला.

त्या चौतीस मिनिटांनंतर पुढचे काही महिने मी त्या माणसाच्या मागे लागलो. कादंबरीकाराला दुसऱ्याच्या आयुष्यात डोकवायची खोड असतेच. जे सापडलं ते वाचकांना सांगावंसं वाटतं. आपल्यातल्या बहुतेकांच्या कानावर हे नाव पडलेलं नसेल, पण त्याच्या दुनियेत तो फार मोठा माणूस होता. आणि तुमच्या घरातही एखादं दार लोटलेलं असेलच.

चार्ल्स मायकेल शुल्डिनर, सगळ्यांचा चक, १३ मे १९६७ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर जन्मला. तो वर्षाचा असतानाच कुटुंब फ्लोरिडात, ऑर्लँडोजवळच्या अल्टामॉन्ट स्प्रिंग्ज या गावी राहायला गेलं. वडील शिक्षक, ज्यू घराण्यातले. आई जेन ही दक्षिणेकडची, तिनं ज्यू धर्म स्वीकारला होता. तीन भावंडांत चक शेंडेफळ. मोठा भाऊ फ्रँक, मग बहीण आणि मग हा. घर चारचौघांसारखं होतं.

चक नऊ वर्षांचा असताना फ्रँक मोटार अपघातात गेला. फ्रँकचं वय होतं सोळा. घरातलं थोरलं मूल असं गेल्यावर आईबाप स्वतःच उभे राहू शकत नाहीत, तिथे धाकट्याकडे बघणार कोण? पण या आईबापांनी एक गोष्ट केली. दुःखानं मिटून गेलेल्या या पोराला त्यांनी गिटार आणून दिली. त्यातून काही होईल असं तेव्हा कुणाला वाटलं नसणार. पोराच्या हाताला काहीतरी चाळा हवा, एवढाच हिशेब असावा.

इथे मला थांबावं लागलं. कारण आमच्या घरातही हे झालेलं आहे. १९६९ साली माझा थोरला भाऊ, आमचा दादा, तापानं गेला. आजार पुरता कळण्याआधीच सगळं संपलं. तो सतरा वर्षांचा होता, मी अकराचा. आमच्याकडे मर्फीचा रेडिओ होता, दादाच्या फार आवडीचा. तेरावं झाल्यावर वडिलांनी त्या रेडिओवर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला आणि वर्षभर तो उचलला नाही. वर्षभर घरात सण नाही, गोडधोड नाही, गाणं नाही. कुणी मोठ्यानं बोललं तरी आई दचकायची. हे सगळं रीतीला धरूनच होतं आणि त्यात कुणाचा दोष होता असं मी आजही म्हणणार नाही. पण त्या वर्षात मी एक गोष्ट शिकलो. दुःख म्हणजे आवाज न करणं. चांगला मुलगा म्हणजे ज्याचा आवाज येत नाही तो. हे शिक्षण माझ्या अंगात इतकं मुरलं की चौतीस वर्षांनी माझ्याच घरात आवाज झाला तेव्हा मी दुसरा काहीही विचार न करता तो बंद केला.

असो. चककडे वळू.

पहिली गिटार साधी होती आणि तिच्याबरोबर शिकवणीही लावली होती. बालवाडीतल्या मेंढीच्या गाण्यापासून मास्तरांनी सुरुवात केली आणि पोराचं मन उडालं. वर्षही पुरं न होता शिकवणी बंद पडली. आपल्याकडचा बाप म्हणाला असता, पैसे पाण्यात गेले. शुल्डिनर पतिपत्नींनी मात्र कुणाच्या तरी घरासमोर मांडलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीत एक इलेक्ट्रिक गिटार पाहिली आणि ती पोराला घेऊन दिली. त्या दिवसापासून चक गॅरेजमध्ये. मास्तर नाही, पुस्तक नाही. किस, आयर्न मेडन अशा बँडच्या तबकड्या लावायच्या आणि बोटं दुखेपर्यंत तेच वाजवत बसायचं. शनिवार-रविवार दिवसभर. पण शाळेच्या दिवसांत फक्त तीन तास, असा घरचा नियम होता.

हे तीन तास वाचून मी थोडा ओशाळलो. तीन तास म्हणजे पुष्कळ. आणि तरीही नियम तो नियमच. मला २००३ साली हा मधला मार्ग सुचला नव्हता. मी खातंच गोठवून टाकलं होतं.

१९८३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, चकनं रिक रॉझ आणि कॅम ली या दोन मित्रांना घेऊन मँटस नावाचा बँड काढला. पुढच्याच वर्षी नाव बदलून डेथ केलं. घरी ध्वनिमुद्रित केलेल्या ओबडधोबड कॅसेटी टपालानं देशभर, देशाबाहेरही जायला लागल्या. शौकीन मंडळी त्यांच्या नकला काढून एकमेकांना पाठवत. म्हणजे माझ्या मुलानं भरून आणलेली कॅसेट त्याच जुन्या परंपरेतली होती. चकनं मग शाळा सोडली. अभ्यासात तो कच्चा नव्हता, कंटाळला होता. पुढे त्याला या निर्णयाची खंत वाटत राहिली, तो ती लपवतही नसे. बँडसाठी माणसं शोधत तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला, थोडा काळ कॅनडात टोरोंटोलाही राहून आला. अखेर ख्रिस रायफर्ट हा ड्रमवादक त्याला मिळाला आणि १९८७ साली ‘स्क्रीम ब्लडी गोर’ हा पहिला अल्बम निघाला. ड्रम सोडून बाकी सगळं, म्हणजे गिटार, बेस आणि गायन, एकट्या चकनं केलं होतं. तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

या संगीताला डेथ मेटल म्हणतात. ज्यांनी कधी ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा खाली उतरवून लावतात, त्यामुळे आवाज जाड आणि काळोखा येतो. ड्रमवादक दोन्ही पायांनी मोठे ड्रम बडवतो आणि ते इतक्या वेगानं की ठोके वेगळे ऐकूच येऊ नयेत. गाणारा गात नाही, पोटातून गुरगुरतो. शब्द कळत नाहीत. पहिल्या अल्बममधली गाणी तर भुताखेतांच्या आणि रक्तपाताच्या सिनेमांवर बेतलेली होती. विशीतल्या पोरांचा तो खेळ होता. लोक चकला या प्रकाराचा जनक म्हणत. त्याला ते कधीच मानवलं नाही. आपण नुसते एका बँडमधले आहोत, असंच त्याचं म्हणणं असे.

पण हा माणूस तिथे थांबला नाही, आणि माझ्या लेखी त्याचं मोठेपण तिथून सुरू होतं. १९८८ साली ‘लेप्रसी’ आला. १९९० च्या ‘स्पिरिच्युअल हीलिंग’मध्ये भुतं जवळपास गेलेली होती. त्यांच्या जागी माणसं आली होती. श्रद्धेच्या नावावर लोकांना फसवणारे उपदेशक, गर्भपाताचा प्रश्न, माणसाच्या जनुकांशी चाललेला खेळ. थोडक्यात, वर्तमानपत्रातल्या बातम्या.

त्याचा स्वभाव सोपा नव्हता. त्याच वर्षी युरोपचा दौरा अगदी तोंडावर आलेला असताना, व्यवस्था धड नाही म्हणून त्यानं जायला नकार दिला. बाकीचे साथीदार त्याला वगळून, दुसऱ्यांना घेऊन, त्याच्याच बँडच्या नावानं युरोपात वाजवून आले. चूक कुणाची यावर शौकिनांत आजही वाद होतो. माझ्या बँकेच्या नोकरीत मी असे दोन्हीकडचे लोक पाहिलेत. अर्धवट कागदपत्रांवर सही न करणारा अधिकारी बरोबर असतो आणि त्याच्यामुळे चार जण खोळंबतात हेही खरं असतं. परिणाम असा झाला की कायमचा बँड हा प्रकारच चकनं सोडून दिला. इथून पुढे दर अल्बमला त्याला हवी ती माणसं तो निवडणार होता.

अशी निवडलेली माणसं घेऊन १९९१ साली त्यानं जो अल्बम केला, तो ‘ह्यूमन’. फ्लोरिडातल्या टँपा शहरातला मॉरिसाउंड स्टुडिओ, ध्वनिमुद्रणाला स्कॉट बर्न्स. ड्रमवर शॉन रायनर्ट, दुसऱ्या गिटारवर पॉल मास्विडाल. हे दोघे मायामीचे मित्र, जेमतेम विशीचे, सिनिक नावाच्या त्यांच्या स्वतःच्या बँडमधून आलेले आणि जॅझ भरपूर ऐकलेले. बेसवर स्टीव्ह डिजॉर्जिओ. या अल्बमपासून डेथ मेटलला एक नवं विशेषण चिकटलं, टेक्निकल. हे विशेषण लावायचे मोजके अल्बम त्या सुमारास निघाले, त्यांत ‘ह्यूमन’चं नाव पहिल्या ओळीत घेतात.

तर दिवाळीत, पाडव्याच्या दुपारी, मी हा अल्बम ऐकायला बसलो. शास्त्रीय संगीत मी फक्त ऐकणाऱ्यांतला. पण तबला चालू असला की माझी बोटं आपोआप मात्रा मोजतात. तीच सवय घेऊन बसलो. सुरुवातीला नुसते ड्रम, लांबून गडगडत जवळ येणारे. आम्ही नाशिककर, ढोल आम्हाला नवा नाही. गणपतीच्या मिरवणुकीत छातीत धडधड होईपर्यंत ढोल ऐकतो आणि कौतुकानं मान डोलावतो. तेव्हा जरा बरं वाटलं. मग गिटारी आल्या आणि माझी मोजदाद सुरू झाली. चार-चारचं चलन पकडलं. पकडलं म्हणेस्तोवर ते मोडलं. नवीन पकडलं, तेही मोडलं. गाणं धावत होतं, एकदम चालायला लागलं, मध्येच थबकलं आणि तिसऱ्याच वाटेनं निघालं. दुसऱ्या गाण्याला मी हात टेकले. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती २००३ साली आली नव्हती. मी चुकत होतो, ते चुकत नव्हते. चौघे जण दर वळणावर एकाच क्षणी वळत होते. ज्याला मी पत्रे बडवणं म्हणालो होतो, ते हिशेबाला इतकं पक्कं होतं की एका पैशाचा फरक निघू नये. ताळेबंद जुळलेला असला की बँकवाल्याला एक आतून समाधान होतं. मला ते झालं, हे कबूल करायला हवं.

शब्द मात्र मला कळले नाहीत. ते मुलानं सांगितले. एक गाणं जोडलेल्या अवस्थेत जन्मलेल्या जुळ्यांबद्दल आहे. एक, ज्यांना दिसत नाही त्यांच्या स्वप्नांबद्दल. एक, असाध्य दुखण्यात माणसाला स्वतःचं मरण निवडता यावं का, याबद्दल. आणखी एक आहे ते स्वतःच्या घरातल्या गोष्टी बघायच्या सोडून पोरांच्या बिघडण्याचं खापर संगीतावर फोडणाऱ्यांबद्दल. हे सांगताना मुलानं माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. सातवं गाणं बिनशब्दांचं आहे, त्यात समुद्रासारखं काहीतरी संथ हलत राहतं. त्या वेळी आमच्या हॉलमध्ये फार शांत वाटलं. आणि या सगळ्याचं नाव ‘ह्यूमन’. डेथ नावाच्या बँडनं भुतांची दुनिया मागे टाकली आणि अल्बमला माणसाचं नाव दिलं.

चक माणूस म्हणून कसा होता, याचं चित्र गाण्यांवरून काढू गेलं तर चुकेल. त्याला बागकाम आवडायचं. कुत्र्यामांजरांवर त्याचा जीव होता. सैतानाची पूजा वगैरे प्रकारांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. बँडच्या नावाच्या चित्रात पूर्वी उलटा क्रूस होता, तोही त्यानं पुढे काढून टाकला. आपल्या संगीताला कुठल्याही धर्माच्या बाजूनं किंवा विरोधात उभं करायचं नाही, एवढाच त्याचा हेतू होता. मरणाचं नाव घेऊन फिरणाऱ्या या माणसाला जगायचा मनापासून सोस होता. आपल्या संतांनीही मरण सारखं तोंडात ठेवलं, ते काही जगण्याचा कंटाळा आला म्हणून नव्हे. हे मला आधी सुचायला हवं होतं.

पुढे तो चढतच गेला. १९९३ साली ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’, १९९५ साली ‘सिम्बॉलिक’, दोन्हींत ड्रमवर जीन होग्लन. ‘सिम्बॉलिक’मध्ये गोडवा आलाय, बालपण गेल्याची हळहळ आहे. १९९८ साली ‘द साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स’. चिकाटीचा आवाज, असं मराठीत म्हणता येईल. त्यात एक छोटी रचना आहे, ‘व्हॉइस ऑफ द सोल’. तिच्यात ड्रम नाहीत, गुरगुरणं नाही, फक्त गिटारी. साध्या लाकडी गिटारवर एक इलेक्ट्रिक गिटार हळूहळू बोलत जाते. तुमच्यापैकी कुणाला या माणसाची ओळख करून घ्यायची असेल तर सुरुवात तिथून करा. माझ्या बायकोनं ती स्वयंपाकघरातून ऐकली आणि कोणतं वाद्य आहे म्हणून विचारायला बाहेर आली.

त्याला आता सुरेल गायनाचा बँड करायचा होता. स्वतःचा गळा त्या कामाचा नाही हे ओळखून त्यानं टिम एमार हा गायक घेतला आणि कंट्रोल डिनाइड नावानं नवं काम सुरू केलं. तेवढ्यात मान दुखायला लागली. नस आखडली असेल असं वाटलं, मालीश झालं, सुया टोचून झाल्या. शेवटी तपासणी झाली. मेंदूच्या मुळाशी, जिथून श्वास आणि गिळणं चालतं त्या भागात, गाठ निघाली. हे कळलं तो दिवस १३ मे १९९९. त्याचा बत्तिसावा वाढदिवस.

किरणोपचार झाले. जानेवारी २००० मध्ये न्यूयॉर्कला शस्त्रक्रिया झाली, तीही यशस्वी झाली. नव्या बँडचा अल्बम १९९९ च्या अखेरीस, आजारपणातच, निघाला होता. त्याच्या नावाचा अर्थ, अस्तित्व ही किती ठिसूळ कला आहे. पण खरा पेच रुग्णालयाबाहेर होता. त्याच्याकडे वैद्यकीय विमा नव्हता. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर त्यानं तो काढला. गाठ उलटली तेव्हा कंपनीनं पैसे द्यायला नकार दिला, कारण आजार विम्याच्या आधीचा होता.

हे वाचताना माझ्यातला कादंबरीकार बाजूला झाला आणि बँक अधिकारी सरसावून बसला. आधीपासूनचा आजार हे शब्द मला पाठ आहेत. कर्ज घेऊन इस्पितळाची बिलं भरायला आलेली माणसं माझ्या टेबलासमोर बसलेली आहेत, हातात विम्याचं नकाराचं पत्र घेऊन. नियमाला धरूनच असतं ते पत्र. अमेरिकेत त्या काळी विमा कंपन्यांना असा नकार देता येत असे. २०१० साली तिथे कायदा झाला आणि २०१४ पासून आधीच्या आजाराच्या नावाखाली विमा नाकारण्यावर बंदी आली. तोवर चक नव्हता. देशोदेशीच्या बँडवर ज्याची छाप होती, त्याच्या घरच्यांना उपचारासाठी लोकांपुढे हात पसरावा लागला. लोकांनीही पाठ दाखवली नाही. ठिकठिकाणी मदतीचे कार्यक्रम झाले. कॉर्न, रेड हॉट चिली पेपर्स अशा, त्याच्यापेक्षा कितीतरी पैसेवाल्या बँडांनी आपल्या वस्तू लिलावाला दिल्या. त्याची आई आणि बहीण खिंड लढवत राहिल्या. ज्या आईनं नवव्या वर्षी त्याला गिटार दिली, तीच आता जगभरातून त्याची चौकशी करणाऱ्या पोरांना धीर देत होती.

मे २००१ मध्ये दुखणं उलटलं. औषधांनी शरीर पोखरलं, त्यात न्यूमोनिया झाला. १३ डिसेंबर २००१ रोजी चक शुल्डिनर गेला. वय चौतीस. कंट्रोल डिनाइडचा दुसरा अल्बम अर्धा राहिला. २०१२ पासून त्याचे जुने साथीदार एकत्र येऊन त्याची गाणी वाजवतात. त्यांच्या पहिल्या दौऱ्याची मदत आजारी, अडचणीतल्या संगीतकारांना साहाय्य करणाऱ्या निधीला गेली. ‘ह्यूमन’वर ज्याचे ड्रम ऐकून मी मोजणं सोडलं, तो शॉन रायनर्टही २०२० साली गेला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

म्हणजे माझ्या मुलानं २००३ साली ती कॅसेट लावली तेव्हा तो माणूस जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. मुलाला ते माहीत होतं. त्या संध्याकाळी तो एका गेलेल्या माणसाला ऐकत होता. मरणाच्या नावाची गाणी म्हणून मी ओरडलो, पण घरात कुणीतरी गेल्यासारखं त्याला वाटत असेल हे मला कळलं नाही. तेही मला दिवाळीत कळलं, तेही त्यानं सहज बोलता बोलता सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे.

तेव्हा मी त्याला दादाबद्दल सांगितलं. दादाचा फोटो त्यानं लहानपणापासून भिंतीवर पाहिलाय. कसा गेला, एवढंही त्याला ठाऊक होतं. पण रेडिओबद्दल मी आजवर कुणालाही बोललो नव्हतो, बायकोलाही नाही. लुगड्याचा तुकडा कोणत्या रंगाचा होता तेसुद्धा सांगितलं. हिरवा. वर्षश्राद्धानंतरही वडिलांचा हात त्या रेडिओकडे जाईना. शेवटी एका सकाळी आईनंच तो तुकडा ओढून काढला, घडी केली आणि रेडिओ लावला. कोणतं गाणं लागलं होतं ते आठवत नाही. ते ऐकून वडील परसात निघून गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत, तेवढं आठवतं.

मुलगा काही बोलला नाही. थोड्या वेळानं त्यानं ‘व्हॉइस ऑफ द सोल’ पुन्हा लावलं.

कॅसेट तो पुण्याला घेऊन जाईल असं मला वाटलं होतं. पण तो ठेवून गेला. कपाटात ती परत ठेवायची नाही, एवढं मी ठरवलं. आता ती हॉलमधल्या शोकेसमध्ये, दादाच्या फोटोखालीच आहे. दिवेलागणीला बायको तिची चिठ्ठी भिंतीकडे वळवून ठेवते, ते नाव तिला अजून सोसत नाही. सकाळी चहा पिताना मी ती पुन्हा सरळ करतो. आमच्यात यावर बोलणं झालेलं नाही.